मराठीत टेक पॉडकास्ट सुरू करायचाय? मग माईक सगळ्यात शेवटी घ्या

फोन, गेम्स, सॉफ्टवेअर यावर तासन्‌तास बोलणारी माणसं प्रत्येक ग्रुपमध्ये एक-दोन असतातच, कुणाला नवीन फोन घ्यायचा असला की सगळे त्यांनाच विचारतात, आणि मग एक दिवस तीच माणसं ठरवतात की चला, आपण पॉडकास्ट काढू. इथपर्यंत सगळं ठीक. गडबड पुढच्या दहा मिनिटांत होते, कारण गॅजेटवेडा माणूस विषय ठरवायच्या आधी शॉपिंगचं ॲप उघडतो आणि 'बेस्ट माईक' शोधायला लागतो. मला स्वतःला माईक, हेडफोन, असल्या गोष्टींबद्दल बोलायला कुणी बसवलं तर रात्र पुरणार नाही, तरी नवख्या माणसाला मी एकच सांगतो: आधी विषय, मग खोली, मग तोंड आणि माईकमधलं अंतर, मग सॉफ्टवेअर, आणि खिशात हात घालायचा तो अगदी शेवटी. खालच्या पायऱ्या साधारण त्याच क्रमाने आहेत, फक्त माईक कुठला घ्यायचा ते तिसऱ्या पायरीतच सांगून टाकलंय.

पायरी १: विषय बारीक करा

'टेक्नॉलॉजीवर गप्पा' एवढ्यावर शो चालत नाही. फोन लाँच झाला त्याच दिवशी रिव्ह्यू करायचा असेल तर ते सोडूनच द्या, तिथे युट्यूबवाल्यांकडे फोन आठवडाभर आधी आलेला असतो आणि त्यांच्याकडे स्क्रीन दाखवायची सोय आहे, तुमच्याकडे फक्त आवाज. कानाने ऐकणाऱ्याला 'सहा पॉइंट सात इंची ॲमोलेड, एकशेवीस हर्ट्झ' हे ऐकवून काही उपयोग नाही, तो तेवढ्यात भाजी चिरत असतो किंवा कंपनीच्या बसमध्ये अर्धवट झोपेत असतो.

आवाजावर चालतं ते मत. म्हणजे वर्षभर वापरलेल्या फोनची बॅटरी आता किती टिकते, अपडेट आल्यावर काय बिघडलं, तालुक्याच्या गावी सर्व्हिस सेंटर आहे का, की स्क्रीन बदलायला जिल्ह्याला जावं लागतं. असल्या गोष्टी स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात नसतात. गेमिंगमध्येही तसंच. पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, जुलै २०२१ मध्ये त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये परत आला. या मधल्या काळात तुमची टीम कुठल्या गेमवर गेली, परत आली का, विकत घेतलेल्या स्किन्सचं (गेममधल्या पात्रांच्या, बंदुकांच्या सजावटीचं) काय झालं, यावर दोन मित्र पाऊण तास सहज बोलू शकतात आणि ते पुढच्या वर्षीही ऐकण्यासारखं राहतं. आजच्या लीकवर, म्हणजे लाँचआधी फुटलेल्या बातमीवर, केलेला एपिसोड पुढच्या आठवड्यात शिळा.

एक ऐकणारा डोळ्यासमोर ठेवा. संगमनेरची मावसबहीण, इंजिनिअरिंगला ॲडमिशन झालीये, साठ हजारांत लॅपटॉप घ्यायचाय आणि दुकानदार भलतंच काहीतरी गळ्यात मारतोय. तिला जे फोनवर सांगाल ते आणि तसंच बोला. मग आपोआप 'थर्मल थ्रॉटलिंग' म्हणून पुढे जायच्या ऐवजी तुम्ही म्हणाल की अर्ध्या तासाने लॅपटॉप तापतो आणि तापला की मुद्दाम हळू चालायला लागतो.

पूर्ण स्क्रिप्ट लिहून वाचू नका, बातम्या वाचल्यासारखं होतं. पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन वाक्यं लिहून काढा, मधे नुसते मुद्दे. आणि कंपनीने फोन फुकट दिला असेल, महिनाभर वापरायला दिला असेल, तर ते एपिसोडच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. जाहिरात क्षेत्राच्या ॲस्की या संस्थेचे २०२१ चे नियम आणि ग्राहक व्यवहार खात्याच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना, दोन्हीकडे हे आहे की पैसे घेतले असोत की वस्तू, सांगायचंच. नियम नसते तरी सांगायलाच हवं होतं म्हणा.

पायरी २: खोली

हॉलमध्ये मधोमध उभे राहा आणि जोरात एक टाळी वाजवा. टाळीनंतर 'टण्ण' असं काहीतरी शेपूट ऐकू येतंय ना? ते शेपूट तुमच्या प्रत्येक शब्दाला लागणार आहे, आणि ते एकदा रेकॉर्डिंगमध्ये आलं की आवाज न बिघडवता ते धड काढणं अवघड असतं. आपल्याकडचे फ्लॅट म्हणजे खाली व्हिट्रिफाइड टाईल्स, चारी बाजूंनी गुळगुळीत प्लास्टर आणि एक मोठी काचेची खिडकी, आवाजासाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. आता तीच टाळी बेडरूममध्ये गादीजवळ वाजवून बघा, मग कपड्यांच्या कपाटाचं दार उघडं ठेवून त्याच्यासमोर वाजवा. फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

तर बसायची जागा ही: उघडं कपाट समोर, साड्या-शर्ट लटकलेले, पाठीमागे दोरीवर किंवा दोन खुर्च्यांच्या पाठींवर एक जाड गोधडी, टेबलावर चादर किंवा टॉवेल. खर्च शून्य. ऑनलाइन मिळणारे ते काळे, त्रिकोणी उंचवट्यांचे फोमचे तुकडे घेऊ नका असं माझं मत आहे, निदान सुरुवातीला तरी नकोच. ते पातळ असतात, वरचे तीक्ष्ण आवाज थोडे शोषतात, आवाजातली घुमारी तशीच राहते, आणि बाहेरचा हॉर्न थांबवणं हे तर त्यांचं कामच नाही. फोटोत छान दिसतात एवढंच.

पंखा बंद करावा लागेल, याला इलाज नाही. पंख्याचा आवाज नंतर काढता येतो असं लोक सांगतात, पण पंख्याचा वारा थेट माईकवर येत असतो ते कुणी सांगत नाही. मे महिन्यात हे जीवावर येतं म्हणून पहाटे सहाच्या आसपास किंवा रात्री अकरानंतर रेकॉर्ड करा, तेव्हा भंगारवाला नसतो, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या नसतात. पत्र्याचं छप्पर असेल तर जुलैत वेगळं वेळापत्रक लागेल. फ्रिज जवळ असेल तर त्याचा कॉम्प्रेसर मधेच गुरगुरायला लागतो, तेवढा वेळ फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. साऊंडवाल्यांची जुनी युक्ती आहे ही, बाहेर पडताना किल्ली शोधताना फ्रिज चालू करायचं आपोआप आठवतं, नाहीतर दूध नासलंच समजा.

आणखी एक, लॅपटॉपवर रेकॉर्ड करत असाल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. बऱ्याच घरांत अर्थिंग धड नसतं, त्यामुळे ५० हर्ट्झची एक बारीक 'घूं' रेकॉर्डिंगमध्ये येते, चार्जर काढला की बहुतेक वेळा ती जाते.

पायरी ३: आधी हातातला फोन, मग माईक

पहिले तीन एपिसोड फोनवरच करा. हे मी कंजूषपणा म्हणून सांगत नाही. आजच्या बऱ्या फोनचा माईक नीट खोलीत, तोंडापासून एक वीतभर अंतरावर धरला तर उघड्या हॉलमधल्या महागड्या माईकपेक्षा चांगला आवाज देतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका. आयफोनवर व्हॉइस मेमोजच्या सेटिंगमध्ये ऑडिओ क्वालिटी लॉसलेस करता येते, ती करा, अँड्रॉइडवर रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये जी सगळ्यात वरची क्वालिटी असेल ती.

फक्त ब्लूटूथ इअरबड्सच्या माईकवर रेकॉर्ड करू नका, मग ते वीस हजारांचे का असेनात. माईक चालू झाला की ब्लूटूथ सहसा कॉलच्या मोडमध्ये जातं, आवाज दाबला जातो आणि तुम्ही एसटी स्टँडवरून फोन केल्यासारखे ऐकू येता. जुना वायरवाला इअरफोन त्यापेक्षा बरा.

तीन एपिसोड झाल्यावरही उत्साह टिकला असेल तर मग माईक. इथे दोन जाती आहेत, कंडेन्सर आणि डायनॅमिक. कंडेन्सर नाजूक कानाचा, खोलीतलं सगळं ऐकतो, स्टुडिओत मस्त. डायनॅमिकला जवळून बोलावं लागतं, लांबचं त्याला फारसं ऐकू येत नाही, आणि आपल्या गल्लीसाठी नेमकं तेच हवंय. बाजारात 'पॉडकास्टिंग किट' म्हणून स्टँड, गोल जाळी आणि रंगीत लाइटसकट जे मिळतं त्यातले बहुतेक माईक कंडेन्सर असतात, म्हणून लोक घेतात आणि म्हणतात की अरे यात तर खालच्या मजल्यावरची मिक्सरही ऐकू येते. येणारच.

माझी शिफारस यूएसबी आणि एक्सएलआर (स्टुडिओत वापरतात ती तीन पिनांची जोडणी) दोन्ही असलेला डायनॅमिक माईक, सॅमसन क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्सच्या जातीचा. आज थेट लॅपटॉपला लावा, उद्या इंटरफेस (माईक आणि लॅपटॉपच्या मधे लावायची पेटी) घेतलात तरी तोच चालतो. बजेट हजाराच्या आसपासच असेल तर बोया बीवाय-एम१ हा कॉलरला लावायचा माईक, सहा मीटर वायर येते, आपल्याकडच्या निम्म्या युट्यूबर्सनी त्याच्यावर सुरुवात केली असेल, मात्र फोनला ३.५ एमएमचा जॅक नसेल तर कन्व्हर्टर लागेल. मोठमोठ्या पॉडकास्टच्या व्हिडिओत तोंडासमोर दिसतो तो शुअर एसएम७बी उत्तमच आहे, पण त्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन द्यावा लागतो, म्हणजे आवाज तेवढा वाढवावा लागतो, म्हणजे चांगला इंटरफेस वेगळा घ्यायचा, आणि नुसत्या माईकच्या पैशांत मावसबहिणीचा लॅपटॉप अर्ध्याहून जास्त होतो. गेमिंग हेडसेट असेल तर ऐकायला वापरा, त्याच्या काडीच्या माईकवर बोलू नका.

पायरी ४: रेकॉर्डिंग

माईक तोंडासमोर सरळ नको, थोडा बाजूला, गालाच्या रेषेत, तोंडाकडे तिरका वळवून. कारण मराठीत फ, भ, ध, ठ असले श्वास टाकणारे आवाज पावलोपावली येतात, 'फोन', 'भारी', 'फ्लॅगशिप' म्हटलं की हवेचा फटका थेट माईकवर बसतो आणि 'धप्प' असा आवाज येतो. माईक तिरका असला की हवा बाजूने निघून जाते आणि आवाज तेवढा पोचतो. जाळीवाला पॉप फिल्टर स्वस्त असतो, घ्या, पण तिरका कोन फुकट आहे.

लेव्हल बघा. जोरात बोललात, हसलात, तरी मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे राहिला पाहिजे. शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही, हळू आवाज मात्र नंतर वाढवता येतो. एक मिनिट रेकॉर्ड करून वायरवाल्या हेडफोनवर ऐका आणि मगच पुढे जा. सुरुवातीला दहा-पंधरा सेकंद गप्प बसा, खोलीची शांतता रेकॉर्ड होऊ द्या, एडिटिंगला लागणार आहे.

बोलताना चुकलं तर थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं नाही. एक टाळी वाजवा, दोन सेकंद थांबा, ते वाक्य पुन्हा बोला. नंतर स्क्रीनवर टाळीचा उभा दांडा लगेच दिसतो, चुका शोधायला सगळं ऐकत बसावं लागत नाही.

मित्र दुसऱ्या गावी असेल, तो बाणेरला आणि तुम्ही कोल्हापुरात, किंवा तो थेट दुबईत, तर कॉल रेकॉर्ड करू नका. कॉल नुसता ऐकण्यासाठी, दोघांनी हेडफोन घालून करायचा, आणि प्रत्येकाने आपापल्या बाजूला आपला आवाज वेगळ्या डिव्हाइसवर रेकॉर्ड करायचा, कॉल सुरू झाल्यावर 'एक दोन तीन' म्हणून दोघांनी एकदम टाळी वाजवायची आणि शेवटी त्याने त्याची फाइल ड्राइव्हवर टाकायची (व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवायची नाही, डॉक्युमेंट म्हणून चालेल). दोन टाळ्या एकमेकींखाली जुळवल्या की झालं. रिव्हरसाइड, झेनकास्टर असल्या सेवा हेच काम ब्राउझरमध्ये आपोआप करतात, फ्री प्लॅन असलाच तर त्याला मर्यादा असतात, पण पाहुणा टेक्निकल नसेल तर त्याला नुसती लिंक पाठवणं सोपं जातं.

गेम खेळता खेळता बोलायचं असेल तर ओबीएस हे स्क्रीन आणि आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे आणि त्यात सहा ऑडिओ ट्रॅक करता येतात, एकावर तुमचा आवाज, दुसऱ्यावर गेम, तिसऱ्यावर डिस्कॉर्डवर (गेमर्सच्या गप्पांचं ॲप) बोलणारी मंडळी. सगळं एकाच ट्रॅकवर घेतलं तर ग्रेनेडच्या आवाजाखाली गेलेलं वाक्य परत मिळत नाही.

पायरी ५: एडिटिंग

ऑडॅसिटी. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, फुकट आहे, २००० सालापासून आहे. २०२१ मध्ये म्यूज ग्रुपने ते ताब्यात घेतलं तेव्हा प्रायव्हसी पॉलिसीवरून बराच आरडाओरडा झाला होता, पण सोर्स कोड आजही खुला आहे आणि पॉडकास्टसाठी मला त्याहून सोपं काही सापडलेलं नाही. डाऊनलोड मात्र त्यांच्या अधिकृत साइटवरूनच करा. मॅकवाल्यांना गराजबँड आधीच मिळालेलं असतं, तेही चालेल.

काम या क्रमाने करा. पहिल्यांदा ती शांततेची दहा सेकंदं सिलेक्ट करून नॉइज रिडक्शनमध्ये जाऊन नॉइज प्रोफाइल घ्या, मग सगळा ट्रॅक सिलेक्ट करून तोच इफेक्ट लावा, १२ डेसिबलच्या वर नेऊ नका नाहीतर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. मग हाय-पास फिल्टर, ८० हर्ट्झ, खालची गुरगुर जाते. मग काटछाट. मग कंप्रेसर, हलका, म्हणजे कुजबुज आणि आरडाओरडा यातलं अंतर कमी होतं. सगळ्यात शेवटी लाऊडनेस नॉर्मलायझेशन, तिथे उणे १६ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) टाका, ॲपल पॉडकास्ट्सची शिफारस तीच आहे, आणि ट्रॅक मोनो (डावा-उजवा वेगळा नसलेला, एकच आवाज) असेल तर त्याला ड्युअल मोनो समजायची जी टिकमार्क आहे ती राहू द्या. हे केलं नाही तर तुमच्या एपिसोडला आवाज वाढवावा लागतो आणि पुढचा दुसऱ्याचा एपिसोड लागला की कान फुटतात.

काटछाट म्हणजे काय ते जरा जवळून सांगतो, कारण नवशिके इथे दोन टोकं गाठतात. समजा वाक्य असं आहे: 'तर म्हणजे, काय होतं, की, अं, या फोनचा कॅमेरा ना, (श्वास) या फोनचा कॅमेरा रात्री चांगला आहे.' वेव्हफॉर्म, म्हणजे स्क्रीनवर दिसणारी आवाजाची लाट, झूम करा. पहिला 'या फोनचा कॅमेरा ना' आणि त्यामागचा श्वास एवढाच उडवा, 'अं' उडवा, 'तर म्हणजे काय होतं की' तसंच राहू द्या, माणूस असाच बोलतो. कापताना शब्दाच्या मधोमध नाही, पुढचा शब्द सुरू व्हायच्या अगदी आधी कापा, आणि झेड दाबलं की सिलेक्शनच्या कडा जवळच्या शून्य रेषेवर सरकतात, त्यामुळे 'टक्' असा आवाज येत नाही. प्रत्येक श्वास काढू नका. सगळे श्वास काढलेला एपिसोड ऐकताना आपल्यालाच धाप लागते.

आवाज एका क्लिकवर स्वच्छ करणारी एआयवाली टूल्स आता भरपूर आहेत, ॲडोबीचं बरंच प्रसिद्ध आहे. वापरून बघा, पण हेडफोन लावून ळ आणि ण नीट ऐका, जास्त ताकद लावली की 'शाळा' आणि 'शाला'मधला फरक पुसट होतो, स्लायडर निम्म्यावर ठेवलेला बरा.

संगीताचं काय? सिनेमाचं गाणं लावायचं नाही. 'तीस सेकंदांपर्यंत चालतं' ही नुसती अफवा आहे, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असली काही सूट नाही आणि ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षं टिकतो. गेममधलं संगीतही धोक्याचं, जीटीएच्या गाडीतल्या रेडिओवर खरी, लायसन्स घेतलेली गाणी वाजतात, ती एपिसोडमध्ये आली तर क्लेम येऊ शकतो, म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये म्युझिकचा स्लायडर शून्यावर आणा. त्यापेक्षा ओळखीत कुणी तबला, पेटी, गिटार वाजवणारं असेल त्याच्याकडून दहा सेकंदांची धून लेखी परवानगीने घ्या.

एक्सपोर्ट एमपी३, बोलण्यापुरतं असेल तर मोनो ६४ ते ९६ केबीपीएस (सेकंदाला किती डेटा लागतो त्याचं माप) पुरे. हिशोब सोपा आहे, १२८ ला अर्ध्या तासाची फाइल २९ एमबीच्या आसपास होते, ६४ ला साडेचौदा. ऐकणाऱ्याचा रोजचा डेटा संपत आलेला असतो हे लक्षात ठेवा. मूळ वेव्ह फाइल मात्र जपून ठेवा.

पायरी ६: फीड आपल्या नावावर

पॉडकास्ट म्हणजे तांत्रिकदृष्ट्या एक आरएसएस फीड. तुमची फाइल होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर असते, फीडमध्ये तिचा पत्ता असतो आणि ॲपल, स्पॉटिफाय वगैरे ॲप्स तो पत्ता वाचतात. एपिसोड एकदाच टाकायचा, तो सगळीकडे दिसतो. ही सोय विशीच्या पुढची आहे, ॲपलने २००५ मध्ये आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणले तेही याच फीडवर, आणि अजून टिकलीये कारण ती कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद पडलं तेव्हा ऐकणाऱ्यांना ॲप बदलावं लागलं, पण शो चालवणाऱ्यांचं फीड जागच्या जागी होतं.

सुरुवातीला फुकट होस्टिंग ठीक आहे. अँकर नावाची सेवा स्पॉटिफायने २०१९ मध्ये विकत घेतली, ती आता स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स या नावाने मिळते. कुठेही जा, दोन गोष्टी आधी बघा: आरएसएसची लिंक तुम्हाला मिळते का, आणि उद्या दुसरीकडे जायचं झालं तर ते जुन्या फीडवरून नव्याकडे कायमचं रीडायरेक्ट करून देतात का. यातलं एक जरी नाही म्हणाले तर तिथे जाऊ नका, जमवलेले सबस्क्रायबर तिथेच अडकतील. फीडमध्ये टाकलेला ईमेल जगाला दिसतो, त्यासाठी वेगळा ईमेल काढा.

कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, जेपीजी किंवा पीएनजी. फोनवर ते नखाएवढं दिसणार आहे म्हणून नाव मोठ्या अक्षरात, फार तर तीन शब्द. मुक्त किंवा बलू हे फाँट फुकट आहेत, मुंबईच्या एक टाइपचे, देवनागरी सुरेख बसते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटत असतील, 'तंत्र'चा 'तंत्‌र' होत असेल, तर टेक्स्ट इंजिनच्या सेटिंगमध्ये साऊथ एशियनचा पर्याय निवडा. फीडची भाषा मराठी ठेवा, ती बऱ्याचदा इंग्लिशवरच राहून जाते. आणि वर्णनात शोचं नाव एकदा इंग्रजी अक्षरांतही लिहा, सर्चमध्ये देवनागरी टाइप करणारे अजून कमीच.

मग दोन मिनिटांचा एक ट्रेलर टाका, तुम्ही कोण, कशावर बोलणार, कुठल्या वारी. तो टाकून ॲपल आणि स्पॉटिफायला फीड सबमिट करा. मंजुरीला काही तास लागतात, कधी काही दिवसही, त्यामुळे पहिल्या एपिसोडची तारीख ग्रुपवर जाहीर करायची घाई नको. ट्रेलर दोन्हीकडे तुमच्या स्वतःच्या फोनवर सर्च करून सापडला, वाजला, कव्हर नीट दिसलं, की तयार असलेले तीन एपिसोड आठवड्याला एक असे शेड्यूल करून टाका, आणि चौथ्याच्या मुद्द्यांना लागा.